कोल्हापूरचे जनरल थोरात कोरियात गेले, तिथं त्यांच्या ताब्यात २२ हजार चिडलेले कैदी होते

गोष्ट आहे सप्टेंबर १९५३ ची. कोरियातल्या इंचॉन बंदरात भारतीय सैनिकांना घेऊन जहाजं लागली होती. समोर किनारा दिसत होता, पण किनाऱ्यावर पाय ठेवायला बंदी होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सांगून टाकलं होतं, की भारतीय सैनिक आपल्या जमिनीवर उतरलेले चालणार नाहीत.

मग अमेरिकन नौदलानं एक जुगाड काढला. सैनिकांना विमानवाहू जहाजावर घ्यायचं, तिथून हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं आणि दक्षिण कोरियाच्या डोक्यावरून उडवत थेट दोन्ही कोरियांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवायचं. साधारण ६ हजार माणसं अशी थोडी थोडी करून हलवली. सैन्य युद्ध करायला निघालेलं नव्हतं. ते शांतता राखायला आलेलं होतं, तरी ही तऱ्हा.

या फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. लष्करात सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणायचे.

आज थोरातांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा १९६२ च्या चीन युद्धामुळं. चीन हल्ला करणार हे आधीच लिहून देणारा अधिकारी, ही त्यांची ओळख. पण त्याच्या कितीतरी आधी दोन परक्या देशांत त्यांनी जे केलं, ती गोष्ट कमी सांगितली जाते. पहिला देश बर्मा, दुसरा कोरिया. आणि या दोन ठिकाणची कामं एकमेकांच्या बरोबर उलटी होती.

बर्माची टेकडी

थोरातांचा जन्म १९०६ चा. इंग्लंडच्या सँडहर्स्टमधून ते १९२६ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले. त्या काळात भारतीय मुलांना सँडहर्स्टमध्ये मोजक्याच जागा मिळायच्या. बरं, अधिकारी झाल्यावरही इंग्रजांनी एक मेख मारून ठेवली होती. भारतीय अधिकाऱ्यांना ठरावीक आठ पलटणींमध्येच पाठवायचं, म्हणजे एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्यावर भारतीय माणसाचा हुकूम चालायची वेळच येणार नाही. थोरात गेले ते यातल्याच एका पलटणीत, पहिली बटालियन, १४ वी पंजाब रेजिमेंट.

या पलटणीचं पुढं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. डिसेंबर १९४१ मध्ये मलायात जपान्यांनी तिचा पार धुव्वा उडवला. याच पलटणीतले कॅप्टन मोहन सिंग जपान्यांच्या हाती लागले आणि त्यांनी पहिली आझाद हिंद सेना उभी केली. शाहनवाज खान, गुरबक्षसिंग धिल्लन हेसुद्धा याच पलटणीचे. तोवर थोरातांची वाट वेगळी झालेली होती. म्हणून त्यांचे जुने सोबती एका बाजूला आणि ते दुसऱ्या बाजूला, असा प्रकार घडला.

१९४५ च्या सुरुवातीला थोरात बर्माच्या अराकान किनाऱ्यावर होते. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन त्यांच्या हाताखाली होती आणि ही बटालियन ५१ व्या ब्रिगेडमध्ये होती. या ब्रिगेडची खासियत अशी, की तिच्या तिन्ही पायदळ बटालियनचे प्रमुख भारतीय होते. एकीचे थोरात, दुसरीचे के. एस. थिमय्या, तिसरीचे एल. पी. सेन. भारतीय माणूस पलटण लढवू शकतो का, असा संशय गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात अजून होताच. त्यामुळं लढाई जपान्यांशी असली, तरी परीक्षा दोन होत्या.

ती परीक्षा कांगाव इथं झाली. माघार घेणाऱ्या जपानी फौजेचा रस्ता कांगाववरून जात होता. तो तोडायचा होता. आजूबाजूला खाड्या, खारफुटी, गुडघाभर चिखल. जड शस्त्रं आणायची सोय नाही. आणि रस्त्यावर नजर ठेवून असलेल्या टेकड्यांवर जपानी सैनिक खोदून बसलेले. त्यातली एक टेकडी नकाशावर मेलरोझ या नावानं होती.

जानेवारीच्या अखेरीस ब्रिगेडनं मेलरोझवर हल्ला चढवला. चढ उघडा, वरून मशिनगनचा मारा, खंदकाखंदकात हातघाई. थोरातांच्या पंजाबी जवानांनी टेकडी घेतली, पण त्यासाठी बरीच माणसं गमावली. या लढाईसाठी थोरात, थिमय्या आणि सेन या तिघांनाही डीएसओ हा मोठा लष्करी सन्मान मिळाला. भारतीय अधिकारी लढवू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर त्या तीन पदकांमध्ये आलं.

युद्ध थांबलं, पण कैदी घरी जाईनात

आठ वर्षांनी थोरात आणि थिमय्या पुन्हा एकत्र आले, कोरियात.

कोरियाचं युद्ध १९५० मध्ये सुरू झालं. उत्तरेच्या बाजूनं चीन, दक्षिणेच्या बाजूनं अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजा. रणांगणावर कोंडी झाल्यावर शस्त्रसंधीची बोलणी लागली, पण ती एका प्रश्नावर अडून बसली. युद्धकैद्यांचं काय करायचं?

एरवी युद्ध संपलं की कैदी आपापल्या देशात परत जातात. इथं अमेरिकेच्या ताब्यातले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. चीन म्हणत होता, हे त्यांच्याकडून वदवून घेतलंय. अमेरिका म्हणत होती, जबरदस्तीनं कुणाला पाठवणार नाही. या एका मुद्द्यापायी युद्ध वर्षभराहून जास्त रेंगाळलं आणि तेवढा काळ माणसं मरत राहिली.

१९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांत भारताच्या व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तोडग्याचा मसुदा मांडला. पुढं त्यातूनच पाच तटस्थ देशांचा आयोग निघाला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. भारत अध्यक्ष, म्हणून थिमय्या आयोगाचे प्रमुख. कैद्यांना सांभाळायला सैनिक फक्त भारताचे, आणि त्या फौजेचे प्रमुख थोरात. आयोगाच्या कामात थिमय्यांचे चीफ ऑफ स्टाफ होते बी. एम. कौल. मेनन, थिमय्या, थोरात, कौल ही चार नावं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

काम कागदावर सोपं होतं. परत जायला नकार देणारा प्रत्येक कैदी भारताच्या ताब्यात द्यायचा. ९० दिवसांत त्याच्या मूळ देशाचे प्रतिनिधी येऊन त्याला समजावणार. त्यानंतर त्यानं एकट्यानं, कुणाच्या दबावाशिवाय ठरवायचं, की घरी जायचं की नाही.

सप्टेंबर संपेपर्यंत अमेरिकेच्या बाजूनं २२,६०४ कैदी भारतीयांच्या ताब्यात आले. त्यात १४ हजारांहून जास्त चिनी, बाकीचे उत्तर कोरियन. उलट्या बाजूनं, म्हणजे चीन-उत्तर कोरियाकडून, फक्त ३५९ आले. त्यात २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश, बाकी दक्षिण कोरियन. निर्लष्करी पट्ट्यात तंबूंचं गावच वसलं. भारतीय जवानांनी आपल्या छावणीचं नाव ठेवलं हिंदनगर.

कैदी, पण राज्य त्यांचंच

थोरातांच्या लक्षात पहिल्या काही दिवसांतच आलं, की हे कैदी नेहमीसारखे कैदी नाहीत. काटेरी तारांच्या प्रत्येक आवारात शेकडो माणसं आणि आत त्यांची स्वतःची पक्की संघटना. म्होरके ठरलेले, त्यांचे पहारेकरी ठरलेले, घोषणा ठरलेल्या. चिनी आवारांमध्ये चँग कै शेक यांच्या माणसांचा शब्द चालायचा, कोरियन आवारांमध्ये री यांच्या. एखाद्याला खरंच आईबापांकडे परत जायचं असेल, तरी ते तोंडातून काढायची सोय नव्हती. असा संशय आला की त्याला मारहाण व्हायची. खूनही झाले.

भारतीयांवर त्यांचा राग होता, कारण त्यांना पढवून ठेवलं होतं की भारत कम्युनिस्टांना सामील आहे. पहारा देणाऱ्या जवानांवर दगड यायचे, शिव्या यायच्या. जवानांना मात्र हात आवरायचे होते. मेलरोझच्या टेकडीवर शत्रू समोर होता आणि काम काय ते स्पष्ट होतं. इथं समोरच्याला जिवंत ठेवणं हेच काम होतं.

आणि मग सप्टेंबरच्या शेवटी ती घटना घडली.

एक चिनी कैदी आपल्या आवारातून निसटून भारतीय जवानांकडे आला. त्याला चीनला परत जायचं होतं. आवारातले बाकीचे खवळले. हा माणूस आम्हाला परत द्या, अशी त्यांची मागणी. परत दिला असता तर त्याचं आत काय झालं असतं, ते सांगायला नको. या गोंधळात कैद्यांनी मेजर एच. एस. ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यालाच आत ओढून नेलं आणि ओलीस धरलं.

थोरातांपुढं आता दोन रस्ते होते. एक, बाहेरून गोळीबार करायचा आणि आत घुसायचं. त्यात ग्रेवाल वाचण्याची शक्यता कमी, शेकडो कैदी मेले असते ते वेगळंच. आणि कैदी सांभाळायला आलेल्या भारतानं कैद्यांची कत्तल केली, ही बातमी जगभर गेली असती. शस्त्रसंधी जेमतेम दोन महिन्यांची होती. दुसरा रस्ता, त्या माणसाला परत देऊन ग्रेवालना सोडवायचं. म्हणजे ज्या कामासाठी आलो तेच मोडीत काढायचं.

थोरातांनी दोन्ही सोडून तिसरंच केलं. ते मूठभर सहकाऱ्यांना घेऊन स्वतः आवारात शिरले.

आत कैद्यांनी त्यांना घेरलं. आरडाओरडा, घोषणा. आता फौजेचा मेजर जनरलच तारांच्या आत होता, म्हणजे कैद्यांच्या हाती एकाऐवजी दोन ओलीस. थोरात म्होरक्याशी बोलायला लागले. पुढं त्यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार त्यांनी धमकी दिली नाही, विनवणीही केली नाही. त्यांनी तक्रार केली ती पाहुणचाराची. चिनी लोकांच्या आदरातिथ्याबद्दल इतकं ऐकून होतो, आणि इथं येऊन इतका वेळ झाला तरी कुणी साधी सिगारेटसुद्धा विचारली नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. म्होरक्याला हसू फुटलं. सिगारेट आली, चहा आला. घोषणा उतरल्या आणि बोलणं सुरू झालं. थोड्या वेळानं थोरात ग्रेवालना घेऊन बाहेर आले. पळून आलेला कैदी परत दिला नाही तो नाहीच.

ऐकायला हा किस्सा गमतीचा वाटतो. पण तो फसला असता तर काय, हे त्या वेळी बाहेर बंदुका घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येक जवानाला माहीत होतं. या धाडसासाठी थोरातांना अशोक चक्राचा दुसरा वर्ग मिळाला. त्यालाच आज आपण कीर्ती चक्र म्हणतो.

चहा दर वेळी कामाला आला नाही

इथं गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवसांत कैद्यांनी पुन्हा उठाव केला आणि भारतीय पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली. काही कैदी मेले. दक्षिण कोरियात संतापाची लाट उसळली आणि तिथल्या सरकारमधून भारतीय सैन्यावर बळ वापरण्याच्या धमक्या आल्या. दुसऱ्या बाजूला चीन आणि उत्तर कोरियाची कुरकुर होती, की भारत म्होरक्यांना फार मऊ वागवतोय, त्यांना वेगळं काढत नाही. एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हेच बहुतेक तटस्थ असण्याचं लक्षण असावं.

समजावण्याचं काम १५ ऑक्टोबरला सुरू झालं. एका तंबूत देशाचे प्रतिनिधी, आयोगाची माणसं आणि समोर एक कैदी. कुणी आत येताच ओरडायला लागायचा, कुणी खुर्ची फेकायचा, कुणी गप्प बसून राहायचा. कुणी मात्र आत शिरताक्षणी घरी जायच्या दाराकडे धाव घ्यायचा. इतके दिवस मनात दाबून ठेवलेली गोष्ट त्याला त्या एका क्षणात करायची असायची. कधी एकेका कैद्यावर तासन्‌तास जायचे. त्यात अर्धे दिवस कैदी तंबूतून बाहेर यायलाच तयार नसायचे.

त्यांना बळानं ओढून आणावं का? पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया म्हणाले, आणा. स्वीडन आणि स्वित्झर्लंड म्हणाले, अजिबात नाही. निर्णय भारतावर आला आणि भारतानं बळ वापरायचं नाही असं ठरवलं. थोरातांच्या फौजेच्या दृष्टीनं हा आकड्यांचाही प्रश्न होता. ६ हजार माणसांनी २२ हजारांना रोज ओढून न्यायचं म्हणजे रोज एक लढाई.

परिणाम असा झाला, की ९० दिवसांपैकी प्रत्यक्ष काम झालं ते फक्त १० दिवस. बहुतेक कैद्यांची पाळीच आली नाही. यावर टीका झाली आणि ती पूर्ण खोटी म्हणता येणार नाही. आवारातल्या दहशतीमुळं किती जण घरी जायची इच्छा पोटात घेऊनच राहिले, हे मोजणार कोण? ती दहशत मोडायला लागेल एवढं बळ वापरलं असतं तर किती मेले असते, हेही मोजता येत नाही. थोरात आणि थिमय्यांनी दुसरा धोका टाळला.

थंडी वाढत गेली. उणे तापमानात, बर्फात, तंबूंमध्ये राहून जवानांनी पहारा चालू ठेवला. २३ डिसेंबरला मुदत संपली. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याकडे परत सोपवले गेले. चिनी कैद्यांतले बहुसंख्य पुढं तैवानला गेले. दोन्ही बाजूंचे मिळून सहाशेच्या वर लोकांनी घरचा रस्ता धरला.

आणि ८८ जण असे निघाले, ज्यांना चीनही नको होता, तैवानही नको होता, उत्तर कोरिया नको आणि दक्षिण कोरियाही नको. त्यांनी तटस्थ देश मागितला. त्यांना घेऊन भारतीय फौज फेब्रुवारी १९५४ मध्ये कोरियातून निघाली. कुणाच्याच बाजूनं न जाणाऱ्या या माणसांची गोष्ट कोरियन लोक विसरले नाहीत. १९६० मध्ये चोई इन-हून यांनी त्यावर कादंबरी लिहिली आणि ती तिथं अजून वाचली जाते.

तेच चेहरे, वेगळा डाव

कोरियाहून परतल्यावर थोरातांना पद्मश्री मिळाली. पुढं १९५७ मध्ये ते लेफ्टनंट जनरल म्हणून पूर्व विभागाचे प्रमुख झाले. आज ज्याला अरुणाचल म्हणतो, त्या नेफाची सीमा त्यांच्या ताब्यात आली.

आता ती चार नावं आठवा. थिमय्या लष्करप्रमुख होते. मेनन संरक्षणमंत्री होते. थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये एक टिपण लिहून थिमय्यांना दिलं. चीन कुठून येईल, आपलं सैन्य किती तोकडं आहे, कुठपर्यंत मागं येऊन लढणं शहाणपणाचं, असं सगळं त्यात होतं. चिनी फौजेला लांबवर ताणू द्यायचं आणि आपले रस्ते जिथं पोचतात तिथं तिला अडवायचं, हा त्याचा गाभा. थिमय्यांना ते पटलं. मेनन यांना ते उगाच भीती घालणारं वाटलं. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला लाल किला नावाचा युद्धसराव घेऊन तेच मुद्दे मांडून दाखवले. तरी कागद जिथं होता तिथंच राहिला.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मनात आपल्या जागी थोरात होते, पण लष्करप्रमुख झाले पी. एन. थापर. थोरातही त्याच वर्षी निवृत्त झाले. पुढच्या वर्षी चीननं हल्ला केला तेव्हा नेफात लढणाऱ्या कोअरचे प्रमुख होते बी. एम. कौल. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पराभव समोर दिसू लागल्यावर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं आणि ते टिपण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं हे उघड झालं.

थोरात नंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८६ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं, 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट'. त्यात बर्माची टेकडी आहे, नेफाचं टिपण आहे आणि कोरियातले कैदीही आहेत. १९९२ मध्ये ते वारले.

त्यांच्या फौजेबरोबर भारतात आलेल्या ८८ जणांपैकी बरेच जण १९५६ मध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाला निघून गेले. काही जण मात्र भारतातच राहिले. इथंच त्यांनी काम शोधलं, संसार केला आणि इथंच म्हातारे झाले.